होटगीपर्यंत सोडता का?

रंभाबाईच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला तिला सोलापूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. सकाळी ऑपरेशन नीट झालं, असा तिच्या बहिणीचा फोन आला. पण दवाखान्यातलं वरण काही तिच्या घशाखाली उतरेना. म्हणून सयाजी आबांनी शेजारच्या केराबाईकडून भाकरी थापून घेतल्या, शेंगाची चटणी आणि आमटी डब्यात भरली, आणि दिवस कलायला लागला तशी टेंभुर्णीतून जीप बाहेर काढली.

पौष सुरू होता. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या होत्या. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास हवेत भरून राहिला होता आणि कुठल्याशा रानात पाचट पेटवल्याचा धूर आडवा पसरत चालला होता. आबांनी काचा वर केल्या. वर्षभर ते ह्या रस्त्यानं दिवसाउजेडीच जात, आणि तेही कुणाला तरी शेजारी बसवून. आज कुणी मिळालं नव्हतं.

ह्याच रस्त्यावर गेल्या पौषात त्यांची एकुलती एक लेक, ऋतुजा, गेली होती. तिच्यासोबत प्रदीप गेला होता.

प्रदीप गावातलाच. आबांच्या घरापासून दोन बोळ सोडून त्रिंबक राहतो, त्याचा मुलगा. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर झालेला, शांत पोरगा. ऋतुजा सोलापूरला कॉलेजात जायची. एसटीत ओळख वाढली. पोरीनं काही लपवून ठेवलं नाही. एका संध्याकाळी आबांच्या पुढ्यात बसून तिनं सरळ सांगितलं, "आबा, मला प्रदीपशी लगीन करायचंय. तुमी हो म्हणा, मगच करीन." आबांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. जात काढली, भावकी काढली, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पोरीचं कॉलेज बंद, फोन बंद. पंधरवड्यात करमाळ्याकडचं स्थळ ठरवून सुपारीही फोडली. तिला विचारलं नाही. रंभाबाई मध्ये बोलायला गेली, तिलाही एका नजरेत गप्प केलं.

मग एका कातरवेळी ऋतुजा प्रदीपच्या मोटरसायकलवर बसून निघाली. होटगीला रेल्वेच्या क्वार्टरात प्रदीपची मावशी, मीनाबाई, राहायची. तिच्याकडं टेकायचं आणि पहाटेच्या गाडीनं पुढं जायचं, असा बेत. आबांना कळलं आणि ते एकटेच जीप घेऊन मागं लागले. मोडनिंब ओलांडल्यावर त्यांना पुढं मोटरसायकलचा लाल दिवा दिसला. तिथून मोहोळच्या अलीकडपर्यंत त्यांनी हॉर्नवरचा हात काढला नाही. प्रदीप वळून वळून मागं बघत होता. रस्त्याकडेला बिघडलेली उसाची ट्रॉली उभी होती. तिला दिवा नव्हता, लाल कापड नव्हतं.

पोलिसांनी अपघात लिहिला. लोकांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवले. समजूत काढायला गेला होता बिचारा, असं गाव म्हणालं आणि आबांनी ते तसंच राहू दिलं. दोघांना एकाच गाडीतून आणलं होतं, एकाच सोलापुरी चादरीखाली. वेशीवर आबांनी गाडी थांबवली आणि आपल्या लेकीला वेगळं काढून घेतलं. त्रिंबकच्या दारात ते आजपर्यंत गेले नव्हते.

मोडनिंब मागं पडलं. सूर्य बुडून गेला होता, पण आभाळात अजून तांबूस उजेड होता. अशा वेळी माणसाचं तोंड दिसतं, ओळख पटत नाही. पुढं रस्त्याच्या कडेला बाभळीखाली दोघं उभी होती. एकानं हात केला. आबा एरवी कुणासाठी थांबत नसत. आज पाय ब्रेकवर कधी गेला ते त्यांनाच कळलं नाही.

पोरगी खिडकीशी आली. डोक्यावरून चादर घेतलेली, थंडीनं आवळून धरलेली.

"काका, आमची गाडी बंद पडलीय. होटगीपर्यंत सोडता का?"

आबांच्या हातातलं स्टिअरिंग ओलं झालं. हा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो फक्त रडत होता. आणि पुढं एकवीस वर्षं त्यांना 'आबा' म्हणत आला होता. आता तो 'काका' म्हणत होता. तिच्या डोळ्यांत ओळखीची खूण नव्हती. वाटेतला एक म्हातारा दिसावा, तसे आबा तिला दिसत होते.

"होटगीपर्यंत जमत नसंल तर सोलापूरला सोडा," मागून प्रदीप म्हणाला. "तितनं आमी जाऊ."

"बसा," आबा म्हणाले. शब्द फुटला एवढंच.

दोघं मागं बसली. दार लागल्याचा आवाज आला नाही, सीट करकरली नाही. गाडीत गारवा मात्र असा शिरला, की आबांच्या तोंडातून वाफ यायला लागली. त्यांनी भीत भीत आरसा वाकवला. दोघं त्यात होती. अगदी साधी, जिवंत. ऋतुजा चादरीचं टोक प्रदीपच्या गुडघ्यावर पसरत होती. बोलताना तिच्या तोंडातून वाफ येत नव्हती.

भ्यावं, ओरडावं, गाडी सोडून पळावं... आबांना यातलं काही सुचलं नाही. वर्षभर ते माजघरात एकटे बसून एकच मागत आले होते. एकदा दिसू दे. आता ती दोन हातांवर बसली होती. बोललो तर जाईल, एवढीच त्यांना भीती होती. त्यांनी गाडी हळू हाकायला सुरुवात केली. रस्ता संपू नये म्हणून.

मागं कुजबुज चालली होती.

"आबांना आतापर्यंत कळलं असंल," प्रदीप म्हणाला.

"कळू दे की."

"लई पेटतील."

"पेटतील. दोन म्हैनं आईसंग बोलायचे न्हाईत, जेवणात मीठ कमी म्हणून ताट सारतील. मग हुरडा येईल." ऋतुजा हसली. "हुरडा त्यांना एकट्याला खाता येत न्हाई. कणसं मी चोळून द्यायची, ते निस्तं तोंडात टाकणार. फुडच्या हुरड्याला बघ, सोताच होटगीला येत्यात का न्हाई."

यंदा हुरडा झाला होता. त्यांनी रानातली सगळी कणसं तशीच वाळू दिली होती.

थोडं अंतर गेल्यावर त्यांना राहवेना. समोरच्या रस्त्यावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "वडील... लई कडक हायत का तुजे?"

"कडक न्हाईत ओ काका," ती म्हणाली. "लोकांस्नी भेत्यात. निस्तं घरात असलं की लई चांगलं असत्यात."

आबांनी गिअर बदलला.

"तुमाला हाय का लेक?"

"हाय... एक."

"कुटं दिली?"

पुढून एक ट्रक आला, त्याचा उजेड काचेवर पसरून विझला.

"लांब," आबा म्हणाले.

तेवढ्यात मागच्या काचेवर दिवे पडले. उजवा दिवा मंद, डावा प्रखर. गाडी दूर होती, पण झपाट्यानं जवळ येत होती. आणि मग हॉर्न सुरू झाला. थांबून थांबून वाजणारा नव्हे. एकदा दाबला तो दाबलाच.

ऋतुजा ताठ बसली. "आबा... आबाच हायत! काका, जोरात घ्या!"

सयाजी आबांनी आरशात बघितलं. गेल्या वर्षी ह्याच जीपचा उजवा दिवा मंद झाला होता. तो त्यांनी नंतर बदलून घेतला होता.

"काका, तुमच्या पाया पडते... जोरात घ्या..."

आबांनी पाय दाबला. मागची गाडी तेवढीच जवळ आली. त्या संध्याकाळी हॉर्न दाबताना आबांच्या मनात एवढंच होतं, थांब पोरी, थांब. निदान वर्षभर ते स्वतःला असं सांगत आले होते. आज पुढच्या गाडीत बसून तोच हॉर्न ऐकताना त्यात 'थांब' कुठंच ऐकू येत नव्हतं. तो मानेतून आत शिरत होता. हातांना कापरं भरवत होता. समोरचा रस्ता सोडून माणसाला मागं वळून बघायला लावत होता. आबांची मान वळली. ती त्यांनी जिवाच्या करारानं पुन्हा समोर आणली, कारण ट्रॉली कुठं उभी आहे ते जगात फक्त त्यांना माहीत होतं.

तिथं ती होतीच. काळी, बिनदिव्याची, उसानं लदलेली. आबांनी वेग कमी केला, स्टिअरिंग उजवीकडं ओढलं. उसाचे लोंबते शेंडे खिडकीच्या काचेवर खरखरत गेले. ट्रॉली मागं पडली.

मागून आवाज आला. लोखंडाचा, आणि त्यानंतर दुसरा, मऊ. आबांना तो ओळखीचा होता. गेले वर्षभर तो रोज त्यांच्या झोपेत येत होता. हॉर्न तुटला. आरशात फक्त अंधार.

"गेले?" ऋतुजानं हळूच विचारलं.

"गेले," आबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याच वेळी त्यांना इतकं हलकं वाटत होतं की गाडी जमिनीला लागून चाललीय की नाही, कळेना. पोरं ट्रॉलीच्या पुढं आली होती. जिथं ती कधीच पोचली नव्हती, तिथं आबांनी त्यांना आणलं होतं.

मोहोळ गेलं, लांबोटी गेली. मागं पुन्हा कुजबुज सुरू झाली. मग ती म्हणाली, "काका, शेंगाच्या चटणीचा वास येतोय. सकाळपास्नं पोटात काय न्हाई."

"डबा हाय. घे की बाळ... सगळं घे."

त्यांनी डबा मागं केला. तिची बोटं त्यांच्या बोटांना लागली; विहिरीच्या तळाच्या पाण्यासारखी गार. दोघं जेवली. भाकरी मोडल्याचा आवाज आबा कान देऊन ऐकत होते. दवाखान्यात बायको उपाशी आहे, ही आठवण त्यांना झालीच नाही. शहरात न शिरता त्यांनी बाहेरचा रस्ता धरला आणि जीप होटगीकडं वळवली.

होटगीला रुळांच्या अलीकडं रस्ता संपला. पलीकडं क्वार्टरांचे पिवळे दिवे दिसत होते. आबांनी गाडी थांबवली. दोघं उतरली, पुढं आली. प्रदीपनं हात जोडले. ऋतुजानं रिकामा झाला म्हणून डबा खिडकीतून आत ठेवला आणि म्हणाली, "काका, लई उपकार झालं बगा. जाते."

"जा," आबा म्हणाले.

एवढ्यावर सगळं नीट होतं. ती निघाली होती, जिथं जायचं तिथं, जिच्या घरी दिवा लागलेला होता त्या मावशीकडं. आबांनी फक्त गप्प बसायचं होतं. चादरीचं टोक तिच्या मागं फरफटत होतं आणि ती लहानपणी चालायची तशीच, एक पाय किंचित ओढत चालली होती. ती एकदाही मागं वळली नाही. कशाला वळेल? मागं कोणीतरी काका होता.

आबांना ते सोसवेना. एकदा तरी तिनं आबा म्हणावं. एकदाच.

"ऋते!"

ती थांबली. हसऱ्या तोंडानंच वळली. जीपच्या दिव्यांच्या उजेडात तिनं डोळे बारीक केले, आणि मग तिच्या चेहऱ्यावरून हसू असं उतरलं, जसं भिंतीवरून उन्ह उतरतं.

"आबा...?"

"व्हय ग, मीच. थांब... थांब, बाळ, मी काय करत न्हाई..."

ती एक पाऊल मागं सरली. तिच्या डोळ्यांत राग असता तर आबांनी तो पदरात घेतला असता. तिथं राग नव्हता. कसायाकडं बघावं तसं ती त्यांच्याकडं बघत होती.

"प्रदीप... पळ. पळ!"

तिनं त्याचा हात ओढला आणि दोघं रुळांकडं धावली. डावीकडनं मालगाडी येत होती. आबा ओरडत होते, पण त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नव्हता. दुसराच कसला तरी मोठा आवाज सगळीकडं भरला होता. मालगाडी डब्यामागून डबा धडधडत गेली. ती संपली तेव्हा पलीकडं कोणी नव्हतं. रुळांवरही कोणी नव्हतं.

तो मोठा आवाज मात्र चालूच होता. मग आबांनी खाली बघितलं. त्यांचा उजवा हात हॉर्नवर होता, कोपरापर्यंत भार देऊन दाबलेला.

दवाखान्यात ते पोचले तेव्हा बहीण बाहेर व्हरांड्यात निजली होती. रंभाबाई एका डोळ्यावर पट्टी बांधून कॉटवर बसून होती. वर्षभर ती आबांशी कामापुरतंच बोलत आली होती. तिनं डब्यासाठी हात पुढं केला. डबा जड लागला. झाकण काढलं. आत भाकरी तशाच होत्या, एकही तुकडा मोडलेला नाही. पण त्यांच्यावर हिरवीकाळी बुरशी केसासारखी वाढली होती आणि आमटीचा वर्षभर कोंडून ठेवल्यासारखा वास सुटला.

रंभाबाईनं झाकण लावलं. "कुटं गेलतासा?"

आबांनी सगळं सांगितलं. कॉटशेजारच्या स्टुलावर बसून, खाली मान घालून, हलक्या आवाजात. मोडनिंबची बाभळ, काका म्हणणं, हुरड्याचं बोलणं, ट्रॉली. आणि मागच्या वर्षीचा हॉर्नसुद्धा, जो त्यांनी आजवर कुणाला सांगितला नव्हता. रंभाबाई एका डोळ्यानं त्यांच्याकडं बघत राहिली. हॉर्नचं ऐकून ती दचकली नाही. तिला ते ठाऊक असावं.

"दारात नेऊन सोडली हुती," शेवटी ती म्हणाली. "पोचली हुती माजी पोर."

"व्हय."

"आन् मग हाक मारलीसा."

"राहवलं न्हाई ग... एकदा आबा म्हणंल म्हणून..."

"तुमास्नी कदी राहवलंय?" रंभाबाई भिंतीकडं तोंड करून निजली. "तवाबी तिला सोडवंना तुमच्यानं, आन् आताबी." बऱ्याच वेळानं, झोप लागली असं वाटत असताना, ती भिंतीलाच विचारल्यासारखी बोलली, "बारीक झालीय का ओ ती?"



त्यानंतर आबा रोज दिवस कलला की जीप काढू लागले. मोडनिंबच्या पुढं बाभळीखाली थांबत. दिवे बंद करून बसत. उसाच्या ट्रॉल्या जात, एसट्या जात. थंडी सरली, ऊस संपला, रानं उघडी पडली. बाभळीखाली कोणी उभं राहिलं नाही. एकदा ते त्रिंबकच्या दारापर्यंत गेले. त्रिंबकनं दार उघडलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि काही न बोलता लावून घेतलं.

फाल्गुनात एका संध्याकाळी आबा मोडनिंबच्या चौकात चहाच्या टपरीवर बसले होते. जीप बाजूला उभी होती. शेजारच्या बाकड्यावर एक अनोळखी माणूस चहा पीत होता. राजशेखर त्याचं नाव. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतला टॉवेल-चादरींचा माल दाखवायला पुण्याला जायचा, आणि परत निघाला होता. बोलण्यात कानडी हेल. त्यानं टपरीवाल्याला विचारलं, "अण्णा, फुडं बाभळीपाशी एक पोरगा-पोरगी उभं राहतेत काय रे?"

टपरीवाल्यानं आबांकडं चोरून बघितलं आणि तो कपबश्या विसळायला वळला. राजशेखरला त्यातलं काही कळलं नाही. तो आबांनाच सांगू लागला.

"गेल्या आठवड्यात मी ह्याच वेळेला चाललो होतो बगा. त्येनी हात केला. पोरगी खिडकीपाशी आली. लई भेल्यासारखी. म्हटली, काका, तुमी टेंभुर्णीचे न्हवं ना? म्हटलं, न्हाई ग तंगी, भैनी, मी सोलापूरचा, बस. तिनं आत वाकून बघितलं. आन् अशी मागं सरली..." त्यानं कप खाली ठेवला. "मागच्या सीटकडं बोट करून म्हटली, आदी ह्येंना उतरवा, मग आमी बसतो."

"कुणाला?" आबांनी विचारलं.

"त्येच की. गाडीत मी एकटाच होतो ओ. मागं निस्ते चादरीचे गठ्ठे. म्हटलं, कोण न्हाई तितं. तर ती रडायलाच लागली. म्हटली, बसलेत की. अंगावर घेऊन बसलेत चादर."

राजशेखर पैसे देऊन उठला. बाहेर अंधारून आलं होतं, ओळख पटणार नाही इतपत उजेड उरला होता. त्यानं गाडीचं दार उघडलं, तेव्हा आबा त्याच्या मागोमाग येऊन उभे होते.

"सोलापूरपर्यंत सोडता का?"

"या की. एकट्याला मलाबी आज बरं वाटंना." त्यानं पुढचं दार उघडून धरलं. "कुठले तुमी?"

आबांनी आपल्या जीपकडं बघितलं नाही.

"मोहोळचा," ते म्हणाले. "पुढं नको. मी मागंच बसतो."

आणि आत शिरून, चादरींच्या गठ्ठ्यातली वरची एक ओढून घेऊन त्यांनी ती डोक्यावरून पांघरली.